लाल खूण दिसली की दाबा

खोटा प्रोग्रॅम मी त्याच्या घाईवरून ओळखते. खऱ्या अँटिव्हायरसला काही सापडलं तर तो ते बाजूला काढून ठेवतो, एका ओळीत तसं कळवतो आणि गप्प बसतो. खोटा मात्र आल्या आल्या बोंब मारतो. स्क्रीन लाल करतो, भोंगा वाजवतो, पाच मिनिटं उरलीत, चार उरलीत असं घड्याळ उलटं फिरवतो. दुसरी खूण आकड्याची. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतके हजार दोष आहेत, असं तो मिनिटभरात मोजून सांगतो. पण त्यातला एक तरी दोष उघडून दाखव म्हटलं, की आधी पूर्ण आवृत्ती घ्या म्हणतो. तिसरी खूण सगळ्यांत पक्की. स्क्रीनवर फोन नंबर. कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा, असं सांगणारा एकही सरळ प्रोग्रॅम मला सव्वीस वर्षांत भेटला नाही.

या खुणा मी किती जणांना सांगितल्या असतील, मोजदाद नाही. त्यांचा उपयोग किती झाला, तेच लिहायला बसले आहे.

माझं नाव शमीम. माहेर सांगलीचं. वडील कोर्टासमोर टेबल टाकून टाइपरायटर दुरुस्त करायचे. त्यांच्या टेबलावर येणारं यंत्र बिघडलेलं असायचं किंवा नसायचं. माझ्या वाट्याला तिसराच प्रकार आला: न बिघडलेलं, पण आपण बिघडलोय असं स्वतःच सांगणारं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी सांगलीतल्या एका डीलरच्या सर्व्हिस विभागात लागले. तिथं अकरा वर्षं काढली. मग लग्नानंतर साताऱ्यात बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकं पहिल्यांदा दारातून आत डोकावून विचारायची, "मिस्त्री हायत का?" मी म्हणायची, "मीच." मग जरा थांबून, नाइलाजानं मशीन टेबलावर ठेवायची. वर्षभरात तीच माणसं दुसऱ्यांना सांगायला लागली, "शमीमताईकडं न्ह्या, त्या खोटं सांगत न्हाईत."

ते वाक्य पूर्ण खरं नव्हतं. पण ते नंतर सांगते.

सांगलीत असताना हळदीचे एक व्यापारी यायचे. आप्पा म्हणायचे त्यांना सगळे. एकदा ते कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आले. "ताई, हज्जार रोग झाल्यात ह्याला. बगा की, त्योच सांगाय लागलाय." मुलानं कुठून तरी फुकटचा सफाईचा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता आणि तो दर दहा मिनिटांनी बोंबलत होता. मी तपासलं. मशीन ठणठणीत होतं. आपण एखादी वेबसाइट उघडली की ती आपल्या मशीनवर ओळखीची एक बारीक चिठ्ठी ठेवून जाते. शिवाय कामापुरत्या तयार झालेल्या फायली असतात, काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या मागं राहिलेल्या रिकाम्या नोंदी असतात. त्यानं कुणाचंच काही बिघडत नाही. हा प्रोग्रॅम त्यातली प्रत्येक गोष्ट रोग म्हणून मोजत होता.

अशा वेळी दाखवायला मी एक कोरं मशीन तयार ठेवायची. नुकतं भरलेलं, इंटरनेटला कधी न जोडलेलं, आत स्वतःचं असं काहीच नसलेलं. तोच प्रोग्रॅम मी आप्पांच्या समोर त्यावर चढवला. मिनिटभरात त्यानं तिथंही शेकडो दोष मोजून दाखवले. मी विजयी मुद्रेनं आप्पांकडे पाहिलं.

आप्पांनी स्क्रीनवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "म्हंजी नवीन मशीन बी बिघडूनच येतंय की!"

त्यांनी तो प्रोग्रॅम विकत घेतला. माझ्याकडून नाही, बाहेरून. पुढं भेटले तेव्हा खुशीत होते. आता आकडा शून्यावर आलाय म्हणाले. मी तेव्हा हसले होते, दुकानात सगळ्यांना सांगितलंही होतं. आज तो प्रसंग आठवला की हसू येत नाही. माझ्या हातात पुरावा होता, समोर शहाणासुरता माणूस होता, आणि तरी त्याला माझ्यापेक्षा स्क्रीन खरी वाटली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, की माझ्या विद्येचा जोर किती आहे.

आता न सांगितलेलं सांगते. त्याच डीलरकडे पुढं दोनेक वर्षं आम्ही प्रत्येक नव्या कॉम्प्युटरमध्ये असाच एक सफाईचा प्रोग्रॅम घालून द्यायचो. वितरकाकडून सीडी यायच्या. महिनाभर तो गप्प असायचा, मग दोष दाखवायला लागायचा. गिऱ्हाईक घाबरून आमच्याकडेच यायचं आणि आम्ही त्याला पूर्ण आवृत्ती द्यायचो. तो काय करतो ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी मालकांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "शमीम, त्यानं कुणाचं वाईट होतंय का? न्हाई ना? मग घाल." मी घातला. किती मशीनमध्ये घातला, आठवत नाही. सांगली, मिरज, तासगाव, कुठं कुठं ती मशीनं गेली. त्या घराघरांतून लोकांना एक सवय लागली: स्क्रीन घाबरवते, आपण बटण दाबतो, स्क्रीन शांत होते. ती सवय लावणाऱ्यांत माझेही हात होते.

साताऱ्यात आल्यावर मी ते कधीच केलं नाही. उलट, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना मी नियम लिहून द्यायची. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर, ठसठशीत अक्षरात, वर प्लॅस्टिक लावून. निवृत्त फौजी, शिक्षक, बँकेतून सुटलेले लोक. त्यांना कॉम्प्युटरची भीती वाटायची आणि लिखित नियमाचा आधार वाटायचा. फौजींना तर फारच. मला त्या कार्डांचा अभिमान होता. साताऱ्याच्या आसपास कितीतरी घरांत मॉनिटरच्या खाली माझं अक्षर चिकटवलेलं असे.

सुभेदार जगन्नाथराव हे त्यांतले एक. कोरेगावपासून अर्ध्या तासावर त्यांचं गाव. उंच, कडक, मिशा राखलेले, बोलायला मात्र मऊ. फौजेतून सुटून आल्यावर त्यांनी शेती केलीच, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. तालुक्यातल्या गावोगावच्या म्हाताऱ्या फौजींकडे ते स्कूटरवर जायचे, मोबाइल समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "बोला." भरती कशी झाली, पहिला पगार आईच्या हातात कसा दिला, बर्फात बोटं कशी गेली, सोबतचा कोण कुठं पडला. विधवांशीही बोलायचे. कुणी एक तास बोलायचं, कुणी पाच मिनिटांत रडायला लागायचं. घरी येऊन ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचे, गावाचं नाव, माणसाचं नाव, घराचं नाव लिहून. मोबाइलमधली जागा भरायची म्हणून तिथलं पुसून टाकायचे. कित्येक वर्षं हे चाललं होतं. त्यातली बरीच माणसं आता नाहीत.

मी विचारलं होतं एकदा, "काका, याचं करणार काय?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "लिवून काडायचं म्हंतोय एकदा. न्हाई जमलं तर निदान त्यांच्या पोरास्नी ऐकू तरी येईल."

मागच्या वर्षी त्यांचा कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला. मी जुनी हार्ड डिस्क काढून नवी, बिनफिरती, एसएसडी म्हणतात ती डिस्क बसवून दिली, सगळ्या फायली नीट त्यात आणल्या. मशीन वाऱ्यासारखं पळायला लागलं. सुभेदारांच्या पत्नी, इंदूकाकी, त्यांनी मला बाटलीभर काकवी बांधून दिली. जाताना मी म्हटलं, "काका, एक वेगळी डिस्क घ्या आणि या आवाजांची प्रत त्यात ठेवा." ते म्हणाले, "दिवाळी झाल्यावर घिऊ." मी बरं म्हटलं. दिवाळी झाल्यावर मी आठवण केली नाही.

यंदा पावसाळा सरताना एका दुपारी त्यांचा फोन आला. "शमीमताई, सुभेदार बोलतोय. जरा येता का? कॉम्प्युटरमदलं समदं बोलणं गेलं."

मी दुकान ओढून घेतलं आणि मिळेल त्या एस.टी.नं निघाले. पोचेपर्यंत चार वाजले. सुभेदार खुर्चीत ताठ बसले होते, समोर स्क्रीन चालू. इंदूकाकी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

काय झालं ते त्यांनी रिपोर्ट द्यावा तसं क्रमानं सांगितलं. सकाळी एका विधवेच्या पेन्शनचा फॉर्म शोधताना कुठल्याशा वेबसाइटनं विचारलं, परवानगी द्या. त्यांना वाटलं फॉर्मसाठीच असेल, त्यांनी दिली. ती परवानगी होती कोपऱ्यात हवे ते संदेश दाखवायची. मग कोपऱ्यात लाल खूण यायला लागली. अँटिव्हायरस संपला, मशीनला संसर्ग झाला. त्यांनी ती दाबली. एक सफाईचा प्रोग्रॅम उतरला, त्यानं हजारोंचा आकडा दाखवला आणि खाली नंबर. त्यांनी नंबर लावला.

"हिंदीत बोलत हुता. लय आदबीनं," सुभेदार म्हणाले. "मी फौजी हाय म्हटल्यावर जय हिंद म्हणाला."

त्यानं एक छोटा प्रोग्रॅम घ्यायला लावून मशीनचा ताबा घेतला. मग विंडोजच्या आतली नोंदवही उघडून दाखवली. ही नोंदवही प्रत्येक मशीनमध्ये असते. प्रिंटरला उत्तर द्यायला उशीर झाला, नेट क्षणभर तुटलं, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यात लाल फुली आणि पिवळ्या त्रिकोणासह लिहिलेल्या असतात. माझ्या मशीनमध्ये आहेत, हे वाचणाऱ्या तुमच्या मशीनमध्येही आहेत. तो म्हणाला, या सगळ्या लाल फुल्या म्हणजे तुमच्या फायलींत घुसलेले लोक. फायली वाचवायच्या तर आत्ता पैसे भरा.

इथवर सुभेदार त्याच्या मागं चालत गेले. पण पैशाचं नाव निघाल्यावर त्यांच्यातला सुभेदार जागा झाला. त्यांनी विचारलं, तुमचं पूर्ण नाव सांगा, ऑफिसचा पत्ता सांगा, तुमच्या वरच्या साहेबाला फोन द्या. त्यानं आधी टाळलं. यांनी पुन्हा विचारलं. मग त्यानं आईवरून शिवी दिली.

"आन मग बाण फिराय लागला," सुभेदार म्हणाले. "माजा हात माउसवर न्हवता, ताई. आपुआप फिरत हुता. त्यो आवाजांच्या फोल्डरवर गेला. उगडला. एक-दोन नावं वाचली त्यानं मोठ्यांदा, हसत हसत. मग समदं निळं केलं, आन कचऱ्याच्या डब्यातनं बी पुसलं."

"वायर का नाही ओढली, काका?" माझा आवाज चढला होता. "नुसती वायर ओढायची! बटण बंद करायचं!"

त्यांनी मॉनिटरच्या खाली बोट दाखवलं.

माझं कार्ड होतं. माझंच ठसठशीत अक्षर. पहिला नियम: लाल खूण दिसली की ती दाबा आणि अपडेट करा. दुसरा: काम चालू असताना कॉम्प्युटर मधेच बंद करू नका.

ते लिहिलं तेव्हा दोन्ही नियम बरोबर होते. मी बसवून दिलेला अँटिव्हायरस जुना झाला की लाल खूण दाखवायचा, आणि लोक तिकडे बघायचेच नाहीत. अपडेट अर्ध्यात असताना लोक बटण बंद करायचे आणि मशीन मरायचं. म्हणून लिहिलं होतं. खोटी लाल खूण कशी ओळखायची ते मी तोंडी सांगितलं होतं. लिहून मात्र आज्ञा पाळायलाच शिकवलं. आणि फौजीनं लिहिलेलं पाळलं.

मी ते कार्ड सोलून काढायला गेले. सुभेदारांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "तुमची काय चूक? अक्षर चांगलं हाय."

त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

मी कामाला लागले. पण मला माहीत होतं. जुन्या फिरत्या डिस्कवर फाइल पुसली तरी ती लगेच जात नाही. यादीतलं नाव तेवढं खोडलं जातं, मजकूर तिथंच असतो. लवकर हात घातला तर बरंच परत काढता येतं, आणि त्या कामात माझं नाव होतं. मी बसवलेल्या नव्या डिस्कचं तसं नाही. वेग टिकावा म्हणून ती पुसलेली जागा स्वतःच रिकामी करून टाकते. त्यासाठी तिला फक्त थोडा वेळ मशीन चालू असावं लागतं. सकाळी अकरापासून चारपर्यंत ते चालूच होतं. दुसऱ्या नियमाप्रमाणे.

तरी मी मशीन साताऱ्याला आणलं आणि तीन दिवस सगळे उपाय केले. पुसलेल्या जागेत नुसती शून्यं मिळाली.

चौथ्या दिवशी मला जुनी डिस्क आठवली. मी काढून घेतलेली. सुभेदार तेव्हा म्हणाले होते, मला काय करायचीय, तुमीच ठेवा. ती मी कोरेगावातल्या एका खताच्या दुकानात कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला बसवली होती. कॅमेरा दिवसरात्र लिहीत असतो. डिस्क भरली की पहिल्यापासून पुन्हा त्यावरच लिहितो. वर्ष झालं होतं. काही उरलं असण्याची आशा जवळजवळ नव्हती, पण मी गेले. दुकानदार भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काडून न्ह्या, ताई. खत कोण चोरून न्हेतंय?"

त्या डिस्कवर मला खताची पोती सापडली. पोती उचलणारी माणसं, पावती घेणारी माणसं, दारात येऊन बसणारं कुत्रं. आठवडाभर मी हेच बघत होते. आणि डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथं रेकॉर्डर कधी पोचलाच नव्हता त्या चिंचोळ्या जागेत, आवाजाचा एक तुकडा निघाला. सात सेकंदांचा. खाकरल्याचा आवाज, मग एक म्हातारा माणूस विचारतो: "झालं का सुरू? बोलू का आता?" आणि संपलं.

फाइलचं नाव नव्हतं. कुणाचा आवाज, कळायला मार्ग नव्हता.

मधल्या काळात आम्ही सायबर पोलिसांच्या ऑफिसात जाऊन तक्रार दिली. तिथल्या हवालदारानं खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं. त्यानं विचारलं, "पैसे किती गेले?" सुभेदार म्हणाले, पैसे गेले नाहीत. हवालदारानं पेन खाली ठेवलं. "काका, पैसे गेले असते तर खातं गोठवायला सांगितलं असतं. हे कसं गोठवू?" त्याला वाईट वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी तो सात सेकंदांचा तुकडा घेऊन सुभेदारांच्या घरी गेले, त्या दिवशी तिथं तानूबाई बसलेल्या होत्या. शेजारच्या गावच्या. त्यांचे मालक, फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, मागच्या साली वारले. त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकवायचं सुभेदारांनी कधीचं कबूल केलं होतं. तानूबाई तेवढ्यासाठी आल्या होत्या. सुभेदारांनी त्यांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, तुमीच सांगा. माज्यानं हुईना."

मी भित्रेपणानं म्हटलं, "मावशी, एक आवाज मिळालाय. तो त्यांचा आहे का बघा." आणि तुकडा लावला.

त्यांनी मान खाली घालून ऐकलं. "आनि एकदा लावा," म्हणाल्या. मी लावला. तिसऱ्यांदा लावला. मग त्यांनी मान हलवली. "ह्ये आमचं न्हवं. ह्यो कुनी दुसराच हाय. आमचं ह्ये कुटं हायत?"

तेव्हा मी सांगितलं. कॉम्प्युटर, डिस्क यातलं काही न सांगता सांगितलं. एका लबाड माणसानं सगळ्यांचे आवाज पुसून टाकले, ते आता मिळणार नाहीत.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंजी ते आता परत बोलायचं न्हाईत."

इंदूकाकी चहा टाकायला आत गेल्या.

"मी आयकलंच न्हाई वो ते," त्या सुभेदारांना म्हणाल्या. "तुमी आला हुता तवा त्येंनी मला भाईर घालवलं. म्हणालं, तू हितं बसू नगं, मला बोलता येत न्हाई. दार लावून घेतलं हुतं. काय बोललं आत?"

सुभेदार सांगायला लागले. भरतीचं सांगितलं, पहिल्या पोस्टिंगचं सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्याबद्दल बी बोलला हुता शेवटाला. बराच येळ."

तानूबाई पुढं सरकल्या. "माज्याबद्दल? काय?"

सुभेदारांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघत होते. कपाळावरची शीर वर आली होती. त्यांनी इतक्या माणसांना ऐकलं होतं, आणि ऐकलेलं सगळं मशीनच्या हवाली करून डोकं मोकळं ठेवलं होतं. आपण सगळे तेच करतो.

"चांगलंच बोलला," ते म्हणाले.

"चांगलं मंजी काय वो?"

"शब्द आठवंनात, वैनी."

तानूबाईंनी मान डोलावली. त्यांनी आकांत केला नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. इंदूकाकींनी केलेला चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि रस्त्याला लागल्या. त्यांना एस.टी.ला सोडायला सुभेदार उठले नाहीत. मी गेले. थांब्यावर त्या मला म्हणाल्या, "तुमी कशाला रडता? तुमच्या वळकीचं बी न्हवतं ते."

त्या महिन्यात दुकानात एक निवृत्त शिक्षिका आल्या. नवा लॅपटॉप घेऊन. म्हणाल्या, "शमीमताई, तुमचं ते कार्ड लिहून द्या ना, सगळ्यांकडे आहे." मी पुठ्ठा घेतला, पेन घेतलं आणि बसून राहिले. काय लिहू? स्क्रीन सांगेल ते ऐका, असं आता लिहिता येत नाही. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, असं लिहिलं तर खरा इशाराही त्या दाबणार नाहीत. खोट्याची खूण लिहावी तर तो दर सहा महिन्यांनी खूण बदलतो. आता तर तो मराठीतही बोलायला लागलाय, शुद्ध. घाई करत नाही, फोन नंबरही देत नाही. माझ्या पक्क्या खुणा एकेक करून त्यानं माझ्याकडूनच शिकल्यासारख्या टाळल्या आहेत. त्या बाईंना मी म्हटलं, "अडलं की मला फोन करा." त्या जरा हिरमुसल्या होऊन गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी मी दुकान बंद केलं.

लोक विचारतात, तब्येत बरी नाही का? मी व्हय म्हणते.

सुभेदारांकडे मी अजून जाते. मशीन नीट चालतं, फोल्डर रिकामं आहे. ते आता स्कूटर काढत नाहीत. ज्यांच्याकडे पुन्हा जाऊन बोला म्हणावं, अशी माणसं फार थोडी उरलीत, आणि त्यांनाही पुन्हा ते सगळं आठवायला लावायचा धीर होत नाही, म्हणतात.

मागच्या खेपेला आम्ही अंगणात बसलो होतो, तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी नंबर बघितला, खुर्चीत सरळ झाले आणि फोन कानाला लावला. पलीकडून हिंदीत कुणी तरी बोलत होतं. मला शब्द ऐकू येत होते. आपकी फाइलें हमारे सर्वर पर सुरक्षित हैं, सर. थोडीशी प्रोसेस है, सब वापस मिल जाएगा. सुभेदार नुसतं "जी, जी" म्हणत होते.

हा त्याच धंद्याचा दुसरा फेरा. ज्यांचं एकदा गेलंय त्यांची यादी पुढं विकली जाते, आणि मग गेलेलं परत देतो म्हणून दुसरे लोक फोन करतात. त्यांच्याकडे काहीच नसतं. मी हातानं खूण केली, बंद करा. त्यांनी केला नाही. पलीकडचा थांबला तेव्हा म्हणाले, "कल फोन कीजिए," आणि मग ठेवला.

"काका, त्यांच्याकडे काही नाही," मी म्हटलं. "एक शब्दसुद्धा नाही. ही माणसं लबाड आहेत."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "मी काय पैसं देनार न्हाई त्यास्नी. रोज करत्यात, रोज मी उद्या करा म्हणून सांगतो."

"मग फोन उचलता कशाला?"

त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"ताई, तुमी म्हंता समदं गेलं. सायबरवाला म्हंतो गेलं. माजं मन बी म्हंतंय गेलं. ते हायत, आसं म्हणणारं ह्ये एकटंच उरल्यात."